अँगून: एका माफीसाठी १४२ वर्षं

(दृश्य: समुद्राच्या पाण्यावर उतरणारं छोटं विमान)

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर अ‍ॅडमिरल्टी नावाचं मोठं बेट आहे. इथं तपकिरी अस्वलं दीड हजारांच्या आसपास, आणि कायम वस्तीचं गाव एकच: अँगून. माणसं चारशेसुद्धा नाहीत. विमानतळ नाही. यायचं ते पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं, नाहीतर फेरीबोटीनं.

गाव ट्लिंगिट या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं. मूल आईच्या कुळाचं, आणि प्रत्येक कुळाचं आपलं चिन्ह. इथल्या डेशीटान कुळाचं चिन्ह बीव्हर, म्हणजे झाडं कुरतडून पाण्यात बांध घालणारा प्राणी.

(दृश्य: किनारा, जुनी छायाचित्रं)

ऑक्टोबर १८८२. जवळच्या किलिस्नूला एका व्यापारी कंपनीचा देवमाशांच्या शिकारीचा धंदा होता. शिकारीच्या बोटीवर भाला फेकणारी तोफ फुटली आणि तिथं कामाला असलेला टिल्टलेन हा मान्यवर शमन, म्हणजे ट्लिंगिटांचा मांत्रिक-वैदू, दगावला. ट्लिंगिटांनी काम थांबवलं आणि रिवाजाप्रमाणे भरपाई मागितली, २०० घोंगड्या. कंपनीनं अमेरिकन नौदलाला बोलावलं. नौदलाचा अधिकारी मेरिमन यानं उलट गावालाच ४०० घोंगड्यांचा दंड ठोठावला. तेवढ्या जमल्या नाहीत.

२६ ऑक्टोबरला गावावर तोफा डागल्या गेल्या. मग सैनिक किनाऱ्यावर उतरले. घरं जाळली, होड्या फोडल्या, आणि हिवाळ्यासाठी साठवलेलं अन्नही जाळलं. सहा मुलं धुरानं गुदमरून गेली. पण मला सर्वांत क्रूर वाटतं ते अन्न जाळणं. थंडी तोंडावर आली होती. त्या हिवाळ्यात उपासमारीनं आणि गारठ्यानं किती जण गेले, याची मोजदाद कुणी केली नाही.

एक होडी वाचली. हल्ल्याच्या वेळी ती गावात नव्हती. तिच्यावरच अन्न आणि सरपण आणून उरलेल्यांनी हिवाळा काढला. तिच्या टोकावर बीव्हरची कोरीव मूर्ती होती. पुढं ती मूर्ती गावातून नाहीशी झाली. १९९९ साली अँगूनची वडीलधारी मंडळी न्यूयॉर्कच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात गेली, आणि तिथं त्यांना ती दिसली. मूर्ती गावाला परत मिळाली.

(दृश्य: गावातला समारंभ)

१९७३ साली अमेरिकन सरकारनं ९० हजार डॉलर भरपाई दिली. हिशेब १८८२ च्या भावानं. माफीचा शब्द नव्हता. दरवर्षी स्मृतिदिनाला गाव तीनदा विचारायचं: माफी मागायला नौदलाकडून कुणी आलंय का? आणि उत्तरासाठी थांबायचं.

२०२३ साली गावातल्या शाळेच्या मुलांनी कारागीर वेन प्राइस यांच्या हाताखाली अखंड ओंडका कोरून होडी केली. हल्ल्यानंतर गावात घडलेली अशी ही पहिलीच होडी. त्यानंतरच्या वर्षी, २६ ऑक्टोबर २०२४ ला, रिअर अ‍ॅडमिरल मार्क सुकाटो अँगूनला आले आणि त्यांनी गावकऱ्यांसमोर नौदलाच्या वतीनं माफी मागितली.