पोस्टकार्ड उघडंच असतं

नमस्कार मंडळी. एवढा पाऊस असून हॉल भरलाय, बरं वाटलं बघून. विषय मोठा दिलाय मला, सरकारची पाळत आणि आपलं खासगी आयुष्य. मी वकील नाही, पस्तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, पण माझे वडील पोस्टमन होते आणि या विषयातलं मला जे कळतं त्याची सुरुवात त्यांच्यापासून झाली, म्हणून तिथूनच बोलते.

अण्णांची बीट, म्हणजे पत्रं वाटायचा भाग, पुण्यात कसब्यात आणि शनिवार पेठेत होती. खांद्याला खाकी झोळी, त्यात वाड्यांच्या क्रमाने लावलेली पत्रं. पोस्टकार्ड देताना अण्णा कायम पत्त्याची बाजू वर ठेवून द्यायचे, मजकुराची बाजू त्यांच्या तळहाताकडे. कोपरा फाडलेलं कार्ड असलं, म्हणजे कुणीतरी गेल्याचं, तर ते दारात खेळणाऱ्या पोराच्या हातात द्यायचे नाहीत, घरातलं मोठं माणूस बाहेर येईपर्यंत उभे राहायचे, मग उशीर होऊ दे. ज्या आजींना वाचता यायचं नाही त्या म्हणायच्या, वाचून दाखव रे बाबा, तेवढ्यापुरतं वाचायचे आणि तिथेच विसरायचे.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा जेवायच्या सुट्टीत अण्णा घरी आले होते, झोळी खुंटीला होती, आणि मी त्यातलं एक कार्ड काढून मोठ्याने वाचायला लागले, कुणाच्या तरी मुलीचं ठरलेलं लग्न मोडल्याचं होतं ते. आई हातातलं काम टाकून ऐकायला लागली. अण्णांनी माझ्या हातातून ते कार्ड घेतलं, पुसल्यासारखं केलं शर्टाला, परत क्रमात लावलं आणि म्हणाले, उघडं आहे म्हणून आपलं होत नाही ते. आईने पुढे कितीतरी वेळा विचारलं की कुणाचं होतं ते, त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता हे का सांगतेय, तर आपल्याकडे हा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, अहो आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकते, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऐकते, माझे स्वतःचे विद्यार्थी आता चाळिशीचे झालेत तेही हेच म्हणतात. पोस्टकार्डात लपवलेलं काहीच नसतं हो. तरी ते कुणी वाचायचं, कुणी नाही, हे ठरलेलं असतं.

दुसरी गोष्ट अण्णांना पाकीट न उघडता कळायची. कुणाकडे बँकेची रजिस्टर्ड नोटीस आली, कुणाचा मुंबईचा मुलगा दर महिन्याला मनीऑर्डर करायचा आणि तीन महिने काहीच आलं नाही, कुणाकडे एकाच गावाहून सारखी पत्रं येतायत म्हणजे सोयरीक जुळतेय. आज आपला फोन नेमकं हेच करतो. कुणाला किती वाजता, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून, याला सीडीआर म्हणतात, आणि मोबाईल कंपन्यांनी तो किमान दोन वर्षं जपून ठेवायचा असा नियम 2021 च्या शेवटी झाला, आधी एक वर्ष होतं. बोलणं ऐकायचं तर गृह सचिवांच्या पातळीवरची लेखी ऑर्डर लागते. सीडीआरला तेवढं लागत नाही, पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मागणीवर मिळतो. आणि एकदा साठवून ठेवलं की ते पाझरतंच, 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे सीडीआर पैसे घेऊन विकणारं रॅकेट पकडलं होतं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना पेपरातलं आठवत असेल. रात्री दोनला कुणी कॅन्सरच्या डॉक्टरला फोन केला, पुढच्या दिवशी एलआयसीच्या एजंटला केला, मग भावाला केला, ऐकायची काय गरज आहे?

मी कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगते. 13 फेब्रुवारी 2010 ची ती शनिवारची संध्याकाळ, जर्मन बेकरीतला स्फोट, 17 माणसं गेली त्यात. मग 2012 च्या ऑगस्टमध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले. तेव्हा आपणच म्हणत होतो ना की चौकाचौकात कॅमेरे लावा. लावले, चांगलं झालं, माझ्या भाचीची पर्स हिसकावली तेव्हा चौकातल्या फुटेजनेच चोर सापडला. पण तेव्हापासून आजपर्यंत काय काय वाढत गेलं ते बघा, लोहगावला विमानतळावर आत जायला डिजीयात्रा अ‍ॅपला चेहरा, खेड शिवापूरच्या टोलनाक्याला फास्टॅग, सोसायटीच्या गेटवर अ‍ॅप, घर भाड्याने द्यायचं तर करारावर अंगठा आणि फोटो आणि वर पोलिसांकडे भाडेकरूची नोंद. एकेक गोष्ट घेतली तर प्रत्येकाचं कारण बरोबर वाटतं. ही सगळी एकत्र ठेवून कुणी बघतंय का, बघत असेल तर कोण, किती दिवस, हे विचारायला जागा कुठे आहे, माझा प्रश्न तेवढाच आहे.

आता एक खटला सांगते, वर्गात मी हा दर वर्षी सांगायचे कारण मुलांना तो पटकन कळतो. खडक सिंग नावाचा उत्तर प्रदेशातला एक माणूस. 1941 मध्ये दरोड्याच्या केसमध्ये पकडला होता, पुरावा नाही म्हणून सुटला. सुटला तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे सराईत गुन्हेगारावर नजर ठेवायची फाईल, उघडली, आणि मग सुरू झालं, रात्री-अपरात्री गावचा चौकीदार आणि शिपाई दारावर थापा मारणार, ओरडणार, झोपेतून उठवणार, कधी आत येणार, कधी म्हणणार चल ठाण्यावर. तो सुप्रीम कोर्टात गेला. 1962 च्या डिसेंबरमध्ये सहा न्यायाधीशांनी निकाल दिला, आणि त्यांनी काय केलं, तर रात्री घरी जाणं बेकायदा ठरवलं, पण गुपचूप पाळत ठेवणं, मागावर राहणं, कोण येतं कोण जातं ते लिहून ठेवणं, हे मात्र चालू ठेवलं! बहुमताचं म्हणणं असं की त्याने याच्या हिंडण्याफिरण्याला काही अडथळा होत नाही, आणि खासगीपण हा काही घटनेतला हक्क नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं. त्यांचं म्हणणं, आपल्यावर नजर आहे हे डोक्यात बसलं की माणूस मोकळेपणाने हिंडतच नाही, बेडी दिसत नाही एवढंच.

मला तो निकाल वाचताना दर वेळी एकच वाटतं, की थाप ऐकू येते म्हणून तिच्यावर दाद मागता आली. खडक सिंगला माहीत होतं कोण आलं, किती वाजता आलं.

पुण्याला थापेचं वेगळं सांगायला नको. 1897, प्लेग, रँडसाहेब. साथ खरी होती, माणसं रोज मरत होती, लोक आजारी माणसाला घरात लपवून ठेवत होते हेही खरं, तपासणी करायला हवीच होती. पण सोजीर, म्हणजे गोरे सैनिक, आले ते बुटांसकट स्वयंपाकघरात, देवघरात, बायकांच्या खोलीत. गाव खवळलं ते तपासणीच्या पद्धतीवर. 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी कशी झाडली ते इथल्या लहान पोराला पण पाठ आहे. पण ज्या कायद्याने ते सगळं चाललं होतं, 1897 चा साथरोग कायदा, तोच आपल्याकडे 2020 मध्ये कोविडला परत वापरला. त्या वेळी सैनिक नाही आला, आरोग्य सेतू आलं, मोबाईलमध्ये, लोकेशन आणि ब्लूटूथ चालू ठेवा म्हणून, आणि मी पण टाकलं होतं, भीती होती हो तेव्हा, मनापासून टाकलं. माझं म्हणणं एवढंच की 1897 मध्ये कुणाच्या नावाने बोंब मारायची ते माहीत होतं.

फोन ऐकण्याबद्दल थोडं सांगते. 1885 च्या टेलिग्राफ कायद्याखाली हे चालायचं, 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने पीयूसीएल या नागरी हक्कांच्या संघटनेच्या केसमध्ये सांगितलं की ऑर्डर लेखी हवी, दोन महिन्यांची, वाढवून वाढवून सहा महिने, आणि वर आढावा समिती. ती समिती सगळी सरकारी सचिवांचीच असते, त्यात एकही न्यायाधीश नाही. आता 2023 चा नवा दूरसंचार कायदा आलाय, साचा साधारण तोच. आपल्या पुण्यातच बंडगार्डन पोलीस ठाण्यात 2022 मध्ये गुन्हा नोंदला गेला होता, राजकीय नेत्यांचे फोन भलत्याच नावांखाली ऐकले असा आरोप होता. 2023 मध्ये हायकोर्टाने तो गुन्हा रद्द केला, तेव्हा कुणाला दोष द्यायचा प्रश्नच नाही. मला त्यातून वेगळीच गोष्ट लागून राहिली, की मोठमोठ्या नेत्यांनासुद्धा आपल्या फोनबद्दल विचारायला सरकार बदलावं लागलं. तुमच्या-माझ्या फोनचं कोण विचारणार आणि कधी?

2017 चा 24 ऑगस्ट मी विसरत नाही. कर्नाटकातले ऐंशी ओलांडलेले निवृत्त न्यायाधीश, पुट्टस्वामी, आधारविरुद्ध 2012 मध्ये कोर्टात गेले होते, त्यात सरकारच म्हणालं की खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, खडक सिंगचा निकाल बघा. मग नऊ न्यायाधीश बसले आणि नऊच्या नऊ म्हणाले की आहे, तो जगण्याच्या हक्कातच आहे. त्याच निकालात 1976 चा आणीबाणीतला जबलपूरचा निकाल, सरकारने डांबलं तरी कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणणारा, तो पण पुसला गेला, तो निकाल देणाऱ्यांत यशवंतराव चंद्रचूड होते, पुण्यात जन्मलेले, कायदा पुण्यातच शिकलेले, आणि तो चुकीचा होता असं लिहिलं त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूडांनी. मला याचं फार मोल वाटतं, वडिलांचं चुकलं हे भर कोर्टात लिहिणं सोपं नसतं. आणि सरकारला खासगीपणात हात घालायचा तर कोर्टाने कसोटी काय सांगितली, तर आधी कायदा हवा, मग खरंच काहीतरी कारण हवं, आणि कारणाच्या मानाने जास्त घ्यायचं नाही.

ही तिसरी अट रोजच्या जगण्यात कशी मोडते ते बघायचं तर रेशनच्या रांगेत या. आमच्याकडे भांड्याला येतात त्या मावशींचं बोट मशिनवर उमटत नाही. तीस वर्षं राख आणि पावडर, बोटाच्या रेषाच गेल्यात. मी एकदा बरोबर गेले. मावशींनी बोट पदराला पुसलं, लावलं, नाही. डोक्यावरचं तेल लावून बघितलं, नाही. मग दुसरं बोट, तिसरं, मागे रांग, दुकानदार म्हणतो उद्या या. त्याचाही दोष नाही, मशिन हिरवं झाल्याशिवाय त्याला देता येत नाही. दोन घरची कामं बुडाली त्या दिवशी. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, ताई, मी मीच आहे हे सांगायला आता कुणाला आणू? पाच किलो गव्हातांदळासाठी बोट मागतात त्यांच्याकडे, आणि आपण इथे बसून म्हणतो लपवण्यासारखं काय आहे.

2023 मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नाव चांगलं आहे. पण त्यात केंद्र सरकार देशाच्या सुरक्षेच्या किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने आपल्या कुठल्याही यंत्रणेला या कायद्यातून सूट देऊ शकतं, आणि त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलमही बदललं, आता माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हटलं की अधिकाऱ्याला नाही म्हणणं फार सोपं झालंय. म्हणजे आपलं त्यांना दिसणार, त्यांचं आपल्याला नाही. मला याचा राग येतो, कारण माहिती अधिकार लागू झाला त्या दिवशी, 12 ऑक्टोबर 2005 ला, देशातला पहिला अर्ज पुण्यातल्या एका पोलीस ठाण्यात दिला गेला होता. ती या गावाची सवय आहे, विचारायची.

तर मी काय केलंय ते सांगते. आमचा वरचा ब्लॉक भाड्याने आहे. नाशिकची दोन मुलं आहेत, आयटीतली. त्यांची पोलिसांकडची नोंद करताना फोटो, आधार, गावाकडचा पत्ता, नोकरीचं ठिकाण, ओळखीच्या माणसांचे नंबर, सगळं मी माझ्या हाताने भरलं. भरताना अण्णांची झोळी आठवली, दुसऱ्याची कार्डं माझ्या हातात होती. म्हणून मी एक अर्ज केलाय, माहिती अधिकारात. तीन प्रश्न आहेत फक्त. भाडेकरू घर सोडून गेला की ही माहिती किती दिवसांनी काढून टाकतात? ती कोणकोण बघू शकतं, आणि कुणी बघितली याची कुठे नोंद राहते का? आणि हे ज्यात लिहिलंय त्या आदेशाची प्रत द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, ती अजून व्हायचीय, उत्तर आलं की याच हॉलमध्ये वाचून दाखवीन.

त्या अर्जाच्या चाळीस झेरॉक्स मागच्या टेबलावर ठेवल्यात, ज्यांचे भाडेकरू आहेत त्यांनी आणि जे स्वतः भाड्याने राहतात त्यांनीही एकेक घ्या. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि खाली सही करताना तारीख घालायला विसरू नका, दिवस मात्र अर्ज त्यांना मिळाला त्या तारखेपासून मोजतात.