करवत घेऊन या

[दृश्य: नेरूळ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा टेम्पो.]

"कपडे नकोत रे बाबांनो. करवत घेऊन या."

जून 2020. दिवेआगरहून एका काकूंचा नेरूळला आलेला हा फोन. कुठेतरी उंचावर जाऊन, रेंज शोधून केलेला. तोवर आम्ही तीन खोकी जुने कपडे गोळा केले होते. ती खोकी तिथंच राहिली. टेम्पोत चढलं ते सामान वेगळंच: ताडपत्र्या, सुंभ, खिळे, मेणबत्त्या, कोयते, पेट्रोलवर चालणाऱ्या दोन करवती आणि एक जनरेटर.

3 जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाचा वारा. त्या दिवशी नवी मुंबईतही झाडं पडली. पण श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे विजेचे खांबच आडवे झाले होते. आणि मृग चार दिवसांवर आला होता.

आमच्यातल्या निम्म्यांची घरं कोकणातली. नोकरी वाशी-बेलापूरला, आई-वडील गावाला. त्यातून कोरोनाचे दिवस. पास काढून पनवेल, पेण, माणगाव करत पोचलो, पण कुणाच्या घरात पाऊल टाकलं नाही. शहरातून आलेल्यांची गावाला भीती होती, आणि ती रास्तच होती. अंगणात जेवलो, टेम्पोत झोपलो.

[दृश्य: उघडे वासे, त्यावर आकाश.]

पहिले दोन दिवस नुसती छपरं. आढ्यावरून ताडपत्री सोडायची, सुंभानं वाशांना आवळायची. विहिरींना पाणी होतं, पण पंप बंद. म्हणून जनरेटर घरोघर फिरवला. एका घराची टाकी भरेपर्यंत आळीतले सगळे मोबाइल तिथं चार्जिंगला लागलेले असत.

मग काकूंची वाडी.

तिथं आधी कुणाला बोलताच आलं नाही. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. त्यात मिरीचे वेल गुंतलेले, खाली जायफळाची झाडं चेंगरलेली. सासऱ्यांनी लावलेले माड मुळासकट उपटून आलेले. घरातून विहीर दिसत होती. काकू म्हणाल्या, "पस्तीस वर्षांत इथून विहीर कधी दिसली नव्हती."

पोफळीचं खोड बाहेरून टणक, आत भुसभुशीत. करवतीची साखळी बघता बघता बोथट होते. झाडावर झाड पडलेलं असलं की खोडात ताण भरलेला असतो, चुकीच्या ठिकाणी कापलं तर ते उसळून अंगावर येतं. वाडीतल्या गड्यानं आमच्यातल्या एकाचा हात धरून थांबवलं. "ताण कुठल्या अंगाला आहे ते आधी बघ, मग साखळी लाव." पुढचे तीन दिवस तो दाखवील तिथंच आम्ही कापत गेलो. मदतीला आम्ही गेलो होतो खरे, पण काम त्याला येत होतं.

सरकारनं बागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर केले. पण इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबानं येतात 5,000. एवढ्यात पडलेली झाडं बाहेर काढायची मजुरीही भागत नाही. आणि जमीन मोकळी झाल्याशिवाय नवं रोप लावायचं कुठं? काकूंनी करवत का मागितली, हे मला तिथं उभं राहिल्यावर कळलं.

[दृश्य: साफ झालेली वाडी. केळीची हिरवी पानं.]

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गेलो. तेव्हा बातम्या थांबल्या होत्या, मदतीच्या गाड्याही. या वेळी फोन आम्ही केला, "काय आणू?" उत्तर आलं, "चार माणसं. खड्डे घ्यायचेत."

पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही. पूर्वी मोठ्या झाडांची सावली असायची, ती आता नव्हती. म्हणून आधी केळी, मग त्यांच्या आडोशाला पोफळी. दोन खड्ड्यांतलं अंतर काकू दोरीनं मोजून देत होत्या, दोरीला गाठ मारलेली. गाठीपाशी पहार, पुन्हा गाठ, पुन्हा पहार.

या रोपांना सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतील. काकूंनी प्रत्येक रांगेच्या टोकाला काठी रोवली. "ही रांग तुम्हा नेरूळकरांची," त्या म्हणाल्या, "पाणी मी घालते, गवत काढायला तुम्ही या."

[दृश्य: ऑक्टोबर. नेरूळ. टेम्पोत विळे चढतायत.]