चौदा नंबरचा रंग

(मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

आपल्यापैकी अनेकांची रोजची वाट फिलाडेल्फियातून जाते. पश्चिमेकडे जाणाऱ्या ‘एल’ गाडीत बसलं की छपरांच्या उंचीवर रंगवलेली भलीमोठी अक्षरं दिसतात. स्टीव्ह पॉवर्स या चित्रकाराने २००९ मध्ये मार्केट स्ट्रीटलगतच्या भिंतींवर ५० चित्रांमधून एक प्रेमपत्रच लिहिलंय. मी ते कितीतरी वर्षं खिडकीतून वाचत होते. शहर सुंदर करण्यासाठी कुणीतरी रंगवलं असेल, एवढंच मनात यायचं. ही भित्तिचित्रं कशी तयार होतात हे कळलं तेव्हा माझा समज बदलला. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी या भिंती कुठून आल्या ते सांगते. इथली जुनी घरं एकमेकांना चिकटून, एका ओळीत बांधलेली. दोन घरांत एकच भिंत. १९५० साली या शहरात वीस लाखांवर माणसं होती. मग गिरण्या, कारखाने बंद पडत गेले, लोक निघून गेले आणि २००० पर्यंत आकडा पंधरा लाखांवर आला. गिरणगावात वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. रिकामी घरं पडली, पाडली गेली. ओळीतलं एक घर गेलं की शेजारच्या घराची कूस उघडी पडते. या शहरातली कितीतरी चित्रं अशा उघड्या पडलेल्या कुशीवर आहेत.

१९८४ मध्ये महापौर विल्सन गूड यांनी भिंती खरडणाऱ्या मुलांविरुद्ध मोहीम उघडली. तिथे जेन गोल्डन नावाच्या तरुण चित्रकर्तीला नेमलं गेलं. तिने त्या मुलांच्या हातात ब्रश दिले. १९९६ पासून त्या कामाचा स्वतंत्र म्युरल आर्ट्स कार्यक्रम झाला आणि आजवर चार हजारांच्या घरात चित्रं झाली.

पण आकड्यापेक्षा मला त्यांची कामाची रीत मोलाची वाटते. चित्र थेट भिंतीवर काढलंच पाहिजे असं नाही. आधी चित्रकार वस्तीत बैठका घेतो: इथे काय घडलं, कुणाची आठवण ठेवायची, काय नको. या बैठकांत वाद होतात, व्हायलाच हवेत. आराखडा ठरला की तो भिंतीच्या मापाला वाढवून पातळ कापडाच्या चौकोनांवर उतरवतात. त्या कापडाला तिथे ‘पॅराशूट क्लॉथ’ म्हणतात. प्रत्येक भागात रंगाचा नंबर लिहिलेला असतो. ज्याने शाळेनंतर ब्रश धरला नाही, तोही बसून रंगवू शकतो. शेवटी चित्रकार हात फिरवतो आणि ते चौकोन अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीवर चिकटवतात. जवळ जाऊन पाहिलं तरी जोड सहज सापडत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या वाचनालयाच्या तळघरात असा रंगकामाचा दिवस होता. मुलीला सोडायला गेले आणि तिथेच थांबले. माझ्या वाट्याला आकाशाचा तुकडा आला. त्यात बहुतेक सगळा चौदा नंबरचा रंग होता आणि टेबलावर त्या नंबरचा डबा एकच. समोर बसलेल्या कृष्णवर्णीय आजींनाही तोच हवा. ‘तुमचं झालं की द्या’, ‘थांबा, एवढी कड होऊ दे’ इथून आमचं बोलणं सुरू झालं. त्या म्हणाल्या, ब्रश असा दाबू नकोस, केस फुटतात. मग कळलं, त्या माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर राहतात आणि मी तिथे राहायला गेले तेव्हा त्यांना तिथे तीस वर्षं झाली होती. मी नऊ वर्षं त्यांच्या दारावरून जात होते. त्या नऊ वर्षांत आम्हाला एकमेकींची गरज पडली नव्हती. त्या दुपारी पडली, एका डब्यासाठी.

ही कापडाची युक्ती साधी वाटते, पण तिच्यामुळे चित्र तिथेही पोहोचतं जिथून माणूस भिंतीपाशी येऊ शकत नाही. ग्रेटरफर्ड हा इथला मोठा तुरुंग होता. तिथल्या जन्मठेपेच्या कैद्यांनी हे कापड आत बसून रंगवलं. २००४ च्या सुमाराचं त्यांचं एक काम मला विसरता येत नाही. त्यात कैदी होते आणि ज्यांची माणसं गुन्ह्यांत मारली गेली अशी कुटुंबंही होती. त्यातून दोन भिंती उभ्या राहिल्या: एकीवर गुन्हेगाराचा प्रवास, दुसरीवर बळी पडलेल्यांचा. दोन्ही दुःखं एकाच चित्रात कोंबली नाहीत, हे मला फार प्रामाणिक वाटतं. समेट झालाच पाहिजे असा हट्ट नाही. एकमेकांसमोर बसून काम करता येतं, इतकंच.

ग्रेज फेरी भागात १९९७ मध्ये काळ्या-गोऱ्या वस्तीत फार वाईट दिवस आले होते. तिथे ‘पीस वॉल’ झाली. निळ्या पार्श्वभूमीवर एकावर एक ठेवलेले वेगवेगळ्या वर्णाचे हात. त्या भिंतीने वर्णद्वेष संपवला असं मी म्हणणार नाही. घरभाडी, नोकऱ्या, पोलीस, शाळा यांचे प्रश्न रंगाने सुटत नसतात. आणि जागांचे भाव वाढले की चित्राशेजारच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उठते आणि चित्र तिच्याआड कायमचं जातं, हेही या शहराने अनेकदा पाहिलंय.

आता आपल्याकडे येते.

मिळून कला करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. आंबेडकरी जलशांनी, शाहिरांच्या कलापथकांनी न शिकलेल्या माणसाला उभं केलं. १८९३ नंतर पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक झाला, त्यात मेळे आले. एकसारखा पोशाख केलेली मुलं पदं म्हणत निघायची. आपण हे अभिमानाने सांगतो. पण पुढचंही सांगायला हवं. त्याआधी पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत मोठ्या संख्येने सामील होत. १८९४ मध्ये मेळ्यांच्या काही पदांनी त्यांना तिकडे जाऊ नका असं बजावलं आणि बरेच जण गेले नाहीत. एक जमाव घट्ट झाला आणि त्याच वेळी शेजाऱ्याशी असलेला धागा तुटला. म्हणून ‘कला माणसं जोडते’ हे वाक्य मी अर्धवट सोडत नाही. कुणाला कुणाशी जोडते, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं.

गेल्या पंधरवड्यात आपला भोंडला झाला. पाटावर हत्ती, भोवती फेर, शेवटी खिरापत ओळखायची. भोंडल्यात प्रेक्षक नसतो, जो येतो तो फेरात येतो. याउलट आपले मोठे कार्यक्रम आठवा. भारतातून नाटक येतं, गाण्याची मैफल येते, आपण तिकीट काढून अंधारात शेजारी शेजारी बसतो आणि घरी जातो. त्या कलाकारांबद्दल मला आदर आहे, ते येत राहोत. पण नव्याने आलेल्या जोडप्याची ओळख त्या अंधारात होत नाही. ढोलपथकाच्या सरावाला होते, कारण ताशाचा हात चुकला तर शेजारच्याला सांगावंच लागतं.

आणि ज्या शाळेचं सभागृह आपण गणपतीला भाड्याने घेतो, तिच्या आजूबाजूचे लोक? आपण त्यांना भेटतो ते गाड्या कुठे लावायच्या या तक्रारीपुरते. दहा दिवस ते आपले ढोल ऐकतात, आणि आत काय चाललंय हे आपण कधी सांगितलेलं नाही.

म्हणून पुढच्या गणपतीसाठी कार्यकारिणीकडे मी एक मागणी केली आहे आणि त्यांनी होकार दिला आहे. मखरामागचा पडदा त्या वेळी विकत आणायचा नाही. कापडाचे बारा चौकोन, नंबर घातलेले, आपण आणि त्या शाळेच्या आसपासची कुटुंबं मिळून रंगवायचे. पडद्यावर गणपती नसेल. मूर्ती पुढे आहेच. पडद्यावर ती वस्ती असेल: तिची झाडं, तिची घरं, तिथल्या लोकांना जे दाखवावंसं वाटेल ते. विसर्जनानंतर पडदा शाळेला द्यायचा.

पहिली बैठक जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी, शाळेच्या जेवणघरात. त्या दिवशी आपण फक्त ऐकायचं. त्यांना चित्रात काय हवं, काय नको, आणि आपल्या ढोलांबद्दल काय म्हणायचं आहे, तेही. मुलांना आणा. सासूबाई-सासरे भारतातून आलेले असतील तर त्यांनाही आणा. रांगोळीचे ठिपके जोडलेल्या हाताला ब्रश जड नाही. नावं लिहायची वही दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवली आहे. प्रत्येकाने आपल्या नावाखाली एका अमराठी शेजाऱ्याचं नाव लिहायचं आणि त्याला बोलवायला स्वतः जायचं.

रंगांची यादी माझ्याकडे आहे. प्रत्येक नंबरचा एकच डबा आणणार आहे.