मोजणीची खुंटी

नमस्कार श्रोतेहो.

शेतात मोजणीदार आला की घरातली माणसं कशी गप्प होतात, हे ज्यांनी पाहिलंय, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात असं घर शोधायला फार लांब जावं लागत नाही. धरण असो, महामार्ग असो, आधी नोटीस येते, मग खुंट्या येतात. आमच्या बांधावरही एकदा अशी खुंटी रोवली गेली होती. मी तेव्हा लहान होतो. आजोबांनी ती उपटली नाही. पण त्या वर्षी त्या तुकड्यात त्यांनी सगळ्यांच्या आधी नांगर घातला.

जपानमधल्या सुनागावा गावाची हकीकत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला तो नांगर आठवला.

सुनागावा टोकियोच्या पश्चिमेला. तुतीची रोपं, रताळी असली पिकं घेणारं गाव. शेजारी ताचिकावाचा विमानतळ, 1922 मध्ये जपानी लष्करानंच उभारलेला. 1945 मध्ये जपान हरला आणि तळ अमेरिकेच्या हातात गेला. पुढे 1952 मध्ये जपानवरचा ताबा संपला, देश स्वतंत्र झाला, पण अमेरिकन फौज तिथेच राहिली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपली देवळाली बघा. तो कॅम्प गोऱ्या पलटणींसाठी वसला, आणि जमीन देणाऱ्याला तेव्हा कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. पण इंग्रज गेला आणि कॅम्प आपला झाला. आज तिथं आपला तोफखाना आहे, आपल्याच गावची पोरं आहेत. सुनागावाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला हे आलं नाही. स्वतःचं सरकार होतं, आणि ते सरकार परक्या फौजेसाठी त्याची जमीन मागत होतं.

1955 च्या मे महिन्यात गावाला निरोप आला. मोठ्या विमानांना धावपट्टी अपुरी पडते, ती लांबवायची आहे. सुमारे 140 घरांची जमीन जाणार होती. गावाच्या मधून जाणारा इत्सुकाइचीचा जुना रस्ताही तुटणार होता, म्हणजे गावाचे दोन तुकडे. गाव उठलं. मोजणीची माणसं दिसली की आगीच्या वेळी वाजवायची घंटा बडवायची आणि सगळ्यांनी हातातलं काम टाकून धावायचं. शेतकऱ्यांचे पुढारी होते आओकी इचिगोरो. त्यांचं एक वाक्य जपानमध्ये आजही सांगितलं जातं: जमिनीत खुंट्या ठोकता येतील, मनात ठोकता येणार नाहीत.

मी हे वाक्य अनेकदा मनात घोळवलं आहे. मोबदल्याची रक्कम वाढवली की विरोध मावळतो, असं समजणाऱ्यांना यातलं मन दिसत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं, आकार लिहिलेला असतो. त्या रानात कोणत्या कोपऱ्याला पाणी तुंबतं, कुठल्या झाडाखाली भाकरी खायची, हे त्यात कुठं असतं?

पुढच्या वर्षी, 1956 च्या ऑक्टोबरमध्ये निर्णायक गाठ पडली. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी चालते ते दिवस. 12 आणि 13 तारखेला पोलीस हेल्मेट आणि लाठ्या घेऊन आले. समोर शेतकरी, कामगार संघटनांची माणसं आणि कॉलेजची पोरं, हातात हात गुंफून चिखलात उभी. सुमारे हजार माणसं जखमी झाली. संध्याकाळी, मार खाल्लेल्या त्या पोरांनी पोलिसांसमोर लहान मुलांचं एक गाणं म्हणायला सुरुवात केली, असं तिथं असलेल्यांनी सांगून ठेवलं आहे. 14 तारखेला सरकारनं मोजणी थांबवल्याचं जाहीर केलं.

त्या गर्दीत पिवळी वस्त्रं घातलेले बौद्ध भिक्षूही होते, हातात पंख्यासारखे चपटे डफ. तेही मार खात होते आणि डफ वाजवत होते. हे निप्पोनझान म्योहोजी संघाचे भिक्षू. त्यांचे गुरू निचिदात्सु फुजी 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते. पुढे सेवाग्रामच्या रोजच्या प्रार्थनेत त्यांचा मंत्र म्हटला जाऊ लागला. वर्ध्याहून सुनागावाच्या चिखलापर्यंत काहीतरी पोचलं होतं, आणि ते महाराष्ट्राच्या मातीतून गेलं होतं, याचा मला अभिमान वाटतो.

मग कोर्ट. 1957 मध्ये तळाचं कुंपण मोडून काही मीटर आत गेल्याबद्दल सात जणांवर खटला भरला. 30 मार्च 1959 ला टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं निकाल दिला की अमेरिकन फौजेचं वास्तव्यच जपानच्या राज्यघटनेच्या, युद्ध आणि सैन्यबळ नाकारणाऱ्या नवव्या कलमाविरुद्ध आहे. त्याच डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. त्या काळात सरन्यायाधीश अमेरिकेच्या राजदूताशी या खटल्याबद्दल बोलले होते, हे 2008 मध्ये अमेरिकेच्याच जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं. पन्नास वर्षांनी. हे वाचून माझा संताप झाला, आजही होतो.

दरम्यान गावात फूट पडली. कुणी जमीन विकली, भाऊबंदांत बोलणं बंद झालं. शेवटी मूठभर घरंच उरली. पण तेवढ्यांनी जमीन सोडली नाही, म्हणून धावपट्टी लांबली नाही. 1968 मध्ये अमेरिकन हवाई दलानं योजना सोडून दिली. 1977 मध्ये सगळा तळ परत मिळाला. त्याच्या काही भागावर आज मोठी बाग आहे.

सगळीकडे असं होत नाही. दक्षिण कोरियात प्योंगतेकजवळ देचूरी नावाचं भात पिकवणारं गाव होतं. तिथल्या म्हाताऱ्यांना आधी जपानी लष्करानं उठवलं होतं, कोरियन युद्धात अमेरिकन तळानं पुन्हा उठवलं. मग त्यांनी खाडीची खारट जमीन हातांनी भरून, गोडी करून भाताची खाचरं केली. तीच खाचरं तळ वाढवायला हवी होती. 1 सप्टेंबर 2004 पासून ही माणसं रोज रात्री मेणबत्त्या लावून बसली. त्यांची घोषणा होती, "यंदाही शेती करू या." 2006 च्या वसंतात त्यांनी खरोखर पेरणी केली. सरकारनं पाण्याच्या चाऱ्यांत काँक्रीट ओतलं. पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्यांना मी याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मे महिन्यात दहा हजारांहून जास्त पोलीस आले, गावची शाळा पाडली, शेताभोवती काटेरी तारा आल्या.

तरी त्या मेणबत्त्या 935 रात्री लागल्या. 2007 मध्ये गावाला उठावं लागलं. लोक जवळच दुसरीकडे राहायला गेले, आणि त्या नव्या वस्तीलाही त्यांनी देचूरी हेच नाव लावलं.

नमस्कार.