माशीच्या वृषणाच्या टोकाशी

मित्रहो, शुक्राणू म्हटला की डोळ्यांसमोर शेपटी हलवत निघालेली एकटी पेशी येते. आज मला तिचे त्याआधीचे दिवस दाखवायचे आहेत. तेव्हा ती क्षणभरही एकटी नसते.

फळमाशीचं, म्हणजे ड्रॉसोफिलाचं वृषण ही एक वळलेली नळी आहे. बंद टोकाला मूळपेशी, म्हणजे विभागत राहून नव्या पेशी पुरवणाऱ्या पेशी, दुसऱ्या टोकाला तयार शुक्राणू. मधे वाढीचे टप्पे ओळीने लागलेले. बंद टोकाशी दहा-पंधरा पेशींचा घट्ट पुंजका असतो, त्याला हब म्हणतात. हबच्या पेशी स्वतः कधीच शुक्राणू होत नाहीत. मूळपेशी मात्र त्यालाच चिकटून बसतात. हब अनपेअर्ड नावाचं प्रथिन स्रवतो आणि त्यामुळे मूळपेशींत जॅक-स्टॅट ही संदेशसाखळी चालू होते. 2001 साली दोन गटांनी हे दाखवलं: हा संदेश तोडला तर मूळपेशी संपतात; भलतीकडे पसरवला तर वृषण मूळपेशींसारख्या पेशींनी भरून जातं.

पुढे हे चित्र गुंतागुंतीचं झालं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. मूळपेशीतल्या स्टॅटचं, म्हणजे या साखळीतल्या प्रथिनाचं, मोठं काम तिला हबला धरून ठेवणं हे आहे, असं दिसलं. ‘अजून बदलू नकोस’ हा निरोप मुख्यतः डीपीपी आणि जीबीबी या रेणूंकडून येतो, आणि तो हबबरोबरच शेजारच्या आवरणपेशींच्या, म्हणजे वाढत्या पेशींना वेढणाऱ्या पेशींच्या, मूळपेशीही पाठवतात.

या रेणूंचा पल्ला फार थोडा. मूळपेशी विभागली की एक कन्यापेशी हबला लागून राहते, दुसरी एका पेशीइतकी लांब पडते. तेवढ्या अंतराने दोघींच्या वाटा बदलतात. लांब पडलेलीत बॅम या जनुकावरचा दाब हळूहळू उठतो. बॅमचं पूर्ण नाव ‘बॅग ऑफ मार्बल्स’, गोट्यांची पिशवी. ती पेशी चार वेळा विभागून 16 होतात. तोवर बॅमचं प्रथिन पुरेसं साचतं आणि विभाजन थांबतं. बॅम बिघडलं तर त्या थांबतच नाहीत, लहान पेशींचे ढीग साचत जातात.

बोलणं एकतर्फी नाही, हे विसरू नका. वाढणारी पेशी स्वतः स्पिट्झ हा रेणू सोडते. तो भोवतीच्या दोन आवरणपेशींच्या ईजीएफ ग्राहींना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, भिडतो आणि त्या तिला वेढून घेतात. हे वेढणं चुकलं तर आतल्या पेशींची वाढही चुकते.

मग 16 पेशी सुमारे पंचवीस पट फुगतात आणि अर्धसूत्री विभाजनातून 64 होतात. इथे लागणाऱ्या बूल जनुकाचा भाऊबंद माणसातही आहे. नंतर प्रत्येक पेशीतल्या तंतुकणिका एकमेकींत विलीन होऊन एक गोल गठ्ठा बनतो. सूक्ष्मदर्शकातून तो चिरलेल्या कांद्यासारखा दिसतो. हे विलीनीकरण घडवणाऱ्या जनुकाचं नाव ‘फझी अनियन्स’. ते बिघडलं तर नर वांझ राहतो. सगळं सुरळीत झालं तर जेमतेम तीन मिलिमीटरच्या माशीत जवळपास दोन मिलिमीटर लांबीचा शुक्राणू तयार होतो.

आता परत टोकाशी येऊ, कारण मला सर्वांत हलवून गेलेला प्रयोग तिथलाच आहे. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तापमान बदलून स्टॅटचं काम थांबवलं गेलं. मूळपेशी हबपासची जागा सोडून बदलायला लागल्या, एकमेकींना जोडलेले पेशींचे पुंजके झाले. मग स्टॅट पुन्हा चालू केलं. ते पुंजके तुटले, एकेक पेशी सुटी झाली, हबपाशी आली आणि पुन्हा मूळपेशी झाली.