आठ रुपये, बारा रुपये आणि अंगणवाडीतली उंचीची पट्टी

नमस्कार. अंगणवाडीला एका मुलामागे किती पैसे येतात, हा प्रश्न तुम्ही जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली विचारताय. त्याच्या मागोमाग दुसराही येतो: ताई दर महिन्याला वजन-उंची घेतात, त्यानं नेमकं होतं काय? दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, म्हणून आज दोन्हींवर एकत्रच बोलू.

आधी माहितीचा भाग भराभर उरकू. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांत सुरू झाली. सेवा सहा: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (म्हणजे गरज पडली तर मुलाला दवाखान्यात पाठवणं), पोषण-आरोग्य शिक्षण. आताची चौकट 'सक्षम अंगणवाडी आणि पोषण 2.0' या नावाची. 6 महिने ते 6 वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 5 नं दिलेला हक्क आहे. तो आहार मिळालाच नाही, तर कलम 8 प्रमाणे राज्य सरकारनं अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा असतो. हे कलम 8 फार कमी पालकांना माहीत असतं, लिहून ठेवा.

आता पैसे. पूरक आहाराचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. बाकी बाबींना 60:40 चं प्रमाण. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना 90:10. दर 2017 मध्ये ठरले: एका मुलासाठी दिवसाला 8 रुपये, तीव्र कुपोषित मुलासाठी 12 रुपये, गरोदर आणि स्तनदा मातांसाठी 9 रुपये 50 पैसे. वर्षाला 300 दिवस, म्हणजे महिन्याला साधारण 25. अंगणवाडीत 20 मुलं असतील तर 20 गुणिले 8 गुणिले 25, महिन्याचे 4,000 रुपये. त्यातले 2,000 केंद्राचे, 2,000 राज्याचे. एवढ्यात रोज प्रत्येक मुलाला 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं द्यायची असतात. 3 वर्षांपर्यंतच्या मुलांना टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा शिधा. 3 ते 6 वयाच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हे दर वाढवण्याची घोषणा झाली, आणि ती वाढ किती निकडीची होती हे डाळीचा भाव ठाऊक असलेल्या कुणालाही कळेल.

"याच आठ रुपयांतून ताईंचा पगार निघतो का?" असं खूप जण विचारतात. नाही. मानधन हा वेगळा खर्च आहे. केंद्राच्या रचनेत ऑक्टोबर 2018 पासून सेविकेला 4,500 आणि मदतनीसांना 2,250, त्यावर राज्य आपली भर घालतं. स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांचेही पैसे वेगळे येतात. पोषण 2.0 मध्ये ते अनुक्रमे 36,000 आणि 17,000 रुपये केले गेले. तेव्हा अंगणवाडीत हात धुवायला पाणी नसेल, तर "आहाराच्या पैशात बसत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका. या कामाचा निधीच निराळा आहे. ग्रामपंचायतीत विचारा, पर्यवेक्षिकेला विचारा.

आता मूळ मुद्दा. 8 चे 12 कशावर होतात? मूल तीव्र कुपोषित ठरण्यावर. आणि ते ठरतं वजनकाटा, उंचीची पट्टी आणि जन्मतारीख, या तिन्हींवर.

यातलं वजन सगळे नीट घेतात. काटा सपाट, टणक जागेवर ठेवायचा, आधी शून्य दाखवतोय का बघायचं, मुलाच्या अंगावर कमीत कमी कपडे. गडबड होते उंचीत. मी म्हणते, अंगणवाडीतला सगळ्यात दुर्लक्षित आकडा कोणता असेल तर तो उंचीचा.

नियम असा: 2 वर्षांखालचं मूल झोपवून मोजायचं, इन्फंटोमीटरवर. 2 वर्षांवरचं उभं करून, स्टेडिओमीटरवर. तेच मूल झोपलेलं असताना उभ्यापेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटर लांब भरतं. म्हणून 2 वर्षांखालचं मूल नाइलाजानं उभं मोजलं, तर आकड्यात 0.7 मिळवायचे. मोठं मूल झोपवून मोजलं, तर 0.7 वजा करायचे. पाऊण सेंटिमीटरनं काय बिघडतं, असं वाटेल. जे मूल कुपोषित ठरवणाऱ्या रेषेच्या अगदी काठावर आहे, त्याचा गट एवढ्यानं बदलतो.

झोपवून मोजायला माणसं दोन लागतात, एकटीनं जमत नाही. एकजण डोकं वरच्या स्थिर पाटीला टेकवून धरते, मुलाची नजर सरळ छताकडे. दुसरी एका हातानं गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करते आणि सरकती पाटी तळव्यांना टेकवते. मूल रडतं, पाय आखडतं, गुडघे दुमडतात आणि लांबी दोन सेंटिमीटर कमी लिहिली जाते. इथं थांबून विचार करा. लांबी कमी भरली की मूल वयाच्या मानानं बुटकं दिसतं. पण त्या कमी लांबीच्या मानानं त्याचं वजन मात्र बरं दिसायला लागतं. म्हणजे खरंच लुकडं असलेलं मूल कागदावर नुसतं बुटकं ठरतं, आणि सॅमच्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांच्या, यादीत येतच नाही.

हेच उलट बाजूनं बघू. उभं मोजताना वर बांधलेली वेणी, डोक्यावरची क्लिप, पायातली चप्पल. उंची जास्त भरते. बुटकेपणा झाकला जातो आणि धडधाकट मूल उगाच लुकडं दिसतं. उभं मोजताना टाचा, पोटऱ्या, कुल्ले, खांदे आणि डोक्याची मागची बाजू पट्टीला टेकलेली हवी. कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. आकडा वाचताना आपले डोळे त्या आकड्याच्या उंचीला. वाकून वरून वाचला की चुकतोच.

आणि तिसरी बाजू, जिचा मला मनापासून राग येतो: मागच्या महिन्याचीच उंची पुन्हा लिहिणं. "उंची काय दर महिन्याला वाढते का?" हो, या वयात वाढते. पहिल्या वर्षात मूल साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 12 च्या आसपास. तीन महिने जुनी उंची आणि आजचं वजन एकत्र लिहिलं, की मूल आहे त्यापेक्षा गुटगुटीत दिसतं. पुन्हा तेच, सॅम मूल लपलं. आणि लपलेल्या मुलाला 12 रुपयांचा आहार नाही, 800 किलोकॅलरी नाहीत, 20 ते 25 ग्रॅम प्रथिनं नाहीत, गावातच कुपोषित मुलांना जादा आहार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रात नाव नाही. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये आकडा भरला गेलेला असतो, हिरवाही दिसतो, आणि मूल उपाशी राहतं.

म्हणून दोन पडताळण्या नेहमी करायच्या. एक दंडघेर, 6 महिने ते 59 महिन्यांच्या मुलांसाठी. डावा हात कोपरात काटकोनात वाकवा, खांद्याचं टोक ते कोपराचं टोक यांचा मध्य काढून खूण करा, मग हात सैल खाली सोडा आणि पट्टी गुंडाळा. कातडी आवळली जाऊ नये आणि पट्टीखाली फटही राहू नये. 11.5 सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, 11.5 ते 12.5 च्या आत मध्यम. दुसरी पडताळणी सुजेची. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर वजन कितीही असो, ते मूल सॅम. सुजेच्या पाण्यानंच काट्यावर वजन वाढलेलं असतं. भूक नसेल, ताप असेल, मूल सुस्त पडलेलं असेल तर गावात थांबवायचं नाही, दवाखान्यातल्या पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं.

बाकीचे आरोग्याचे नियम चटकन. लोहाचं सिरप 6 ते 59 महिन्यांच्या मुलांना 1 मिलिलिटर, आठवड्यातून दोनदा. ताप, जुलाब असताना नाही, आणि सॅम मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. जीवनसत्त्व अ 9 व्या महिन्यापासून, पुढं दर 6 महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण 9 डोस. जंतनाशक अल्बेंडाझोल 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला: 1 ते 2 वर्षांना अर्धी गोळी, त्यापुढं एक. लहानग्यांना गोळी कुटून पाण्यातच द्या, अख्खी घशात अडकते. आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्या दिवशी मूल हजर ठेवा. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस मूल घरीच. जुलाबात ओआरएसचं एक पाकीट अख्ख्या 1 लिटर पाण्यात. पेल्यात थोडी थोडी पूड घालून हिशेब बसत नाही.

"आमच्याकडे स्टेडिओमीटर मोडलाय, काय करू?" असं एका सेविका ताईंनी विचारलंय. भिंतीवर खडूनं रेघा मारू नका, जमीन उंचसखल असते आणि भिंत तिरकी. पर्यवेक्षिकेकडे लेखी मागणी द्या, पोच घ्या, आणि तोवर शेजारच्या अंगणवाडीचं साधन ठरवून एका दिवसासाठी आणा.

पालकांनो, पुढच्या वजनाच्या दिवशी मुलीची वेणी सोडून न्या, चप्पल दाराबाहेर काढा, जन्मतारखेचा कागद जवळ ठेवा. मुलाचे गुडघे तुम्हीच धरा. आणि उठायच्या आधी माता-बाल संरक्षण कार्डावर वजनाशेजारी आजची उंची लिहून घ्या, तारखेसकट.