जांभळ्या रंगाचे ब्रेक आणि छोटी मशीन शॉप

मंडळी, समोर बरेच जण लेथ-मिलिंगवाले दिसताहेत, म्हणून डोंगरी सायकलींचा इतिहास चटकन उरकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत काही हौशी पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायची. 1976 मध्ये तिथे ‘रीपॅक’ ही शर्यत सुरू झाली. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच असायचा, पेडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोचेपर्यंत हब एवढा तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा. मग हब खोला आणि पुन्हा ग्रीस भरा! पुढे 1977 मध्ये त्या पोरांपैकीच एक, ‘जो ब्रीझ’, यांनी खास या कामासाठी फ्रेम बांधली. पण फ्रेमला साजेसे भाग आणायचे कुठून? अनेकांनी ब्रेकचे लिव्हर सरळ मोटरसायकलचे लावले.

मोठा कारखाना शंभर नगांसाठी सेटिंग बदलत नाही. छोट्या शॉपला मात्र तेवढं काम पुरतं. कॅलिफोर्नियात सीलबंद बेअरिंगचे हब फिल वूड 1971 पासूनच करत होते. नव्वदच्या दशकात सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारी कोरायची यंत्रं, आवाक्यात आली आणि अशी शॉप्स भराभर निघाली. ॲल्युमिनियमचा ठोकळा लावा, कोरा, ॲनोडायझिंगला पाठवा, म्हणजे विजेने वर ऑक्साइडचा थर चढवून रंग भरायला. जांभळ्या रंगाचं तर वेडच होतं.

आता ॲनोडायझिंगकडे जरा नीट बघा. हा थर निम्मा धातूच्या आत जातो, निम्मा बाहेर वाढतो. थर 15 मायक्रॉनचा असेल, तर भोकाचा व्यास साधारण तेवढाच घटतो. रंगवायच्या आधी बेअरिंग छान बसत होतं आणि रंगवून आल्यावर दाबलं की जाम, हे तुमच्यापैकी कितीजणांनी भोगलंय? एक तर बोअर, म्हणजे ते भोक, आधीच मोठा ठेवा, नाहीतर ती जागा झाकून पाठवा. हे काम ड्रॉइंगवर लिहिलेलं नसेल, तर ॲनोडायझिंगवाला ते करणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

क्रँकचं, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्याचं, दुखणं वेगळं. फोर्जिंगमध्ये, म्हणजे धातू साच्यात ठोकून घडवताना, धातूचे कण आकाराच्या वळणाने जातात. ठोकळ्यातून कोरताना ते मध्येच कापले जातात. त्यात वजन कमी दाखवायची चढाओढ! दिसायला देखणे असे किती तरी क्रँक चिरले.

पण माझ्या मते खरा घाव भागांच्या मापांचा आणि रचनेचा होता, आणि ती ठरवणारा छोट्या शॉपबाहेरचाच होता. 1996 च्या सुमारास शिमानो या मोठ्या जपानी कंपनीचा व्ही-ब्रेक आला, लांब दांड्यांनी रिम दाबणारा. स्वस्त, जोरदार, लावायला सोपा. डोंगरी सायकलींसाठी महागडे कँटिलिव्हर, म्हणजे त्याआधीचे आखूड दांड्यांचे रिम-ब्रेक, करणाऱ्यांचं गिऱ्हाईक बघता बघता पातळ झालं. कॅलिफोर्नियातल्या चिकोचे पॉल प्राइस 1989 पासून या धंद्यात आहेत आणि टिकले. लांब पल्ल्याच्या आणि सायक्लोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवतातल्या शर्यतीच्या, सायकलींना कँटिलिव्हर पुढेही लागत राहिला, तो त्यांनी सोडला नाही. जोडीला व्ही-ब्रेकसारखा लांब दांड्यांचा ब्रेकही काढला.

प्रश्न असतील तर विचारा. किमतीवरून आधी विचारलंत तरी चालेल.